तिसरी फेरी

ही खुर्ची मी तिसऱ्यांदा विकत घेतली.
पाठीला जाळी, बुडाखाली चार खटके,
नवी होती तेव्हा अठरा हजार.
पहिल्या खेपेला मी दिले बावीसशे,
दुसऱ्या खेपेला सोळाशे,
काल बालेवाडीत, सहाव्या मजल्यावर, लिफ्ट बंद,
हजार रुपये. उतरवायची हमाली माझी.

टिंबर मार्केटच्या मागच्या गल्लीत दुकान.
पाटी नाही. गरज पडली नाही कधी.
कंपनी बसली
की नझीर बागवान उभा राहतो.

खुर्चीच्या पोटाला चिकटवलेले कागद वाचायची सवय आहे मला.
सगळ्यात खाली 'भाजीवेळ'. कोथिंबीर आठ मिनिटांत.
मंडईतून कोथरूडला आठ मिनिटांत
ॲम्ब्युलन्स पोचत नाही,
हे कुणी बोललं नसेल,
किंवा बोलला तो नोकरीवर राहिला नसेल.
त्यावर 'निश्चिंत':
दाराला कुलूप लावलंत का,
हे दर तासाला फोनवर विचारणारी कंपनी.
सत्तर कोटी मिळाले तिला.
माझी अम्मी हे फुकट विचारायची,
जिन्यापर्यंत येऊन.

कालची कंपनी काय करायची
ते सामान बांधायला थांबलेल्या मुलीलाही सांगता येईना.
"प्लॅटफॉर्म होता, काका."
मी म्हटलं, गाडी कुठली थांबायची?
ती हसली नाही.
दोन महिन्यांचा पगार थकलेला.
मी सगळं परत घेतो, टेबलं, पंखे, पाण्याची यंत्रं.
ते एक वाक्य घेता आलं नाही.

भिंतीवर खिळा होता, खाली गोल डाग.
घंटा होती म्हणाली, पितळी.
गिऱ्हाईक आलं की वाजवायचे?
"नाही, पैसे आले की.
गिऱ्हाइकाचे नाही. गुंतवणूकवाल्यांचे."
ती मला मिळाली नाही.
खालचा चहावाला दरेकर आधीच घेऊन गेला.
सात महिन्यांचा चहा, एकोणचाळीस हजार उधारी,
चारशे कोटींच्या कंपनीकडून
तीन किलो पितळ.
आता दूध वर यायला लागलं
की त्याचा पोऱ्या ती वाजवतो.

आज सकाळी दोघं आले.
एक आरोह चिंचणीकर, कोवळी दाढी, जागरणाचे डोळे.
दुसरा पैसेवाला. पांढरे बूट, मोजे नाहीत.
त्याला मी ओळखलं. 'निश्चिंत'च्या भिंतीवर फोटो होता,
दाराएवढा चेक हातात धरलेला.
जुन्या फर्निचरचं ॲप काढायचंय.
मी म्हणे त्यात 'पार्टनर'.
"तुमचं स्केल काय?"
मी कोपऱ्यातला वजनकाटा दाखवला.
"महिन्याला किती जाळता?"
साहेब, आमच्यात मेल्यावरसुद्धा जाळत नाहीत.

तो मोठ्यानं हसला आणि रेलला.
त्याच खुर्चीत.
तिचे अठरा हजार त्यानंच दिलेले,
म्हणजे त्याच्याकडे ठेवणाऱ्या कुणाकुणाचे.
त्याच्या मांडीखाली वीतभर अंतरावर
तिन्ही कागद. वाकला असता तर दिसले असते.
गाडीत बसताना तेवढा वाकला.

पोरगा मात्र मागे रेंगाळला.
टेबलाच्या कडेवरून हात फिरवत होता,
सुतार फिरवतो तसा.
"सागवान?"
भुसा आहे, म्हटलं. दाबलेला. वर कागद.
"पण वाटतं सागवानच," म्हणाला,
आणि इतक्या कौतुकानं म्हणाला
की मी त्याला चहा पाजला.

दुपारी थिनरचा बोळा घेऊन बसलो.
दोन कागद सुटले.
तिसऱ्याचा डिंक निघेना, नखानं खरवडत होतो,
तेवढ्यात खराडीहून फोन.
नवी कंपनी, चाळीस खुर्च्या, सोमवारच्या आत.
काय करता, मी विचारलं नाही.
रोख का,
एवढंच विचारलं.